अंतराळ-उड्डाणाच्या खेळांतील ग्रहांतर प्रवास : अंतर, वेग आणि काळ यांचा हिशोब

प्रस्तावना

संगणकावरील अंतराळ-उड्डाणाचे खेळ हा वरकरणी निव्वळ करमणुकीचा विषय आहे, आणि अध्यापकवर्गात त्याची दखल सहसा तेवढ्यापुरतीच घेतली जाते. तथापि या खेळांच्या रचनाकारांना एका अवघड प्रश्नाला सामोरे जावे लागते. ग्रहमालेतील अंतरे प्रचंड आहेत. खेळणाऱ्याजवळ मात्र संध्याकाळचे तास-दोन तास असतात. एका ग्रहावरून दुसऱ्या ग्रहाकडे निघालेल्या खेळाडूस प्रत्यक्षातील कालावधी सोसावयास लावला, तर खेळ सुरू होण्यापूर्वीच संपेल. म्हणून प्रत्येक खेळ कोठेतरी तडजोड करतो. ही तडजोड कोठे केली आहे, यावर तो खेळ खेळणाऱ्या तरुणाच्या मनात अवकाशाचे कोणते चित्र ठसते हे अवलंबून असते. केप्लरचे नियम पाठ असलेला विद्यार्थीही मंगळाकडे जाणारे यान इंजिन सतत पेटते ठेवून सरळ रेषेत जाते असे मानत असेल, तर त्याचे मूळ केवळ पाठ्यपुस्तकात शोधून भागणार नाही. प्रस्तुत लेखात या तडजोडींचे स्वरूप, त्यांमागील गणित आणि भारताच्या मंगळयानाच्या प्रत्यक्ष प्रवासाशी त्यांची तुलना मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

भोर ते वेल्हे : एक प्रमाणचित्र

अंतरांची कल्पना आकड्यांनी येत नाही, पायांनी येते. त्यासाठी भोर व वेल्हे हे दोन तालुके अतिशय सोयीचे आहेत. (वेल्हे तालुक्यास २०२५ मध्ये राजगड हे नाव मिळाले, येथे जुने परिचित नावच वापरले आहे.) पृथ्वी व सूर्य यांतील सरासरी अंतर सुमारे १४ कोटी ९६ लाख किलोमीटर आहे, त्यास एक खगोलीय एकक म्हणतात. हे एकक एका किलोमीटरएवढे मानावे आणि सूर्य भोरच्या राजवाड्यापाशी ठेवावा. या प्रमाणात सूर्य ९.३ मीटर व्यासाचा गोल होईल, म्हणजे साधारण तीन मजली घराएवढा. पृथ्वी त्यापासून एक किलोमीटरवर, साडेआठ सेंटिमीटरची, मोठ्या मोसंबीएवढी. चंद्र तिच्यापासून अडीच मीटरांवर. मानवाने आजवर स्वतः केलेला सर्वांत दूरचा प्रवास या चित्रात एका खोलीत मावतो.

मंगळ दीड किलोमीटरवर, लिंबाएवढा. भाटघर धरणाच्या परिसरात लघुग्रहांचा पट्टा येईल. गुरू पाच किलोमीटरवर, म्हणजे रोहिड्याच्या वाटेवर, सुमारे ९३ सेंटिमीटर व्यासाचा. शनी साडेनऊ किलोमीटरवर, म्हणजे नसरापूरच्या थोडा अलीकडे. भोरपासून राजगड सरळ रेषेत सुमारे २० किलोमीटर आहे, आणि युरेनसची कक्षा १९.२ खगोलीय एककांवर आहे. तेव्हा युरेनस राजगडाच्या पायथ्यापर्यंत पोहोचतो. तोरणा सुमारे २८ किलोमीटरवर येतो. ३० एककांवरचा नेपच्यून तोरण्याच्या किंचित पलीकडे. (रस्त्याने ही अंतरे बरीच अधिक भरतात, येथे हवाई अंतर अभिप्रेत आहे.) एकूण ग्रहमाला भोर आणि वेल्हे या दोन तालुक्यांत बसते, आणि तिच्यातील सगळे ग्रह एकत्र केले तरी एका बैलगाडीत मावतील. बाकी सर्व रिकामी जागा.

या प्रमाणचित्राचा खरा उपयोग वेग समजण्यासाठी होतो. प्रकाशास एक खगोलीय एकक ओलांडण्यास ४९९ सेकंद लागतात. म्हणजे या चित्रात प्रकाश ताशी ७.२ किलोमीटर वेगाने, घाईत चालणाऱ्या माणसासारखा जातो. शिवकाळात राजगड ही राजधानी असताना डोंगरवाटांनी निरोप नेणारे जासूद याहून वेगाने धावत असतील. भोरहून निघालेला प्रकाश राजगडाशी पोहोचण्यास दोन तास चाळीस मिनिटे लागतात. विश्वातील परमोच्च वेगाची ही गत आहे. मग मानवनिर्मित यानाची काय असेल? मंगळयानाने सुमारे तीनशे दिवसांत ६६ कोटी किलोमीटरचा मार्ग कापला. या चित्रात तो दिवसाला पंधरा मीटर भरतो. गोगलगायदेखील हे अंतर काही तासांत कापते. २४ डिसेंबर २०२४ रोजी सूर्याजवळून सेकंदाला सुमारे १९२ किलोमीटर वेगाने गेलेले पार्कर सौर यान हे मानवनिर्मित वस्तूंत सर्वांत वेगवान ठरले. तोच वेग कायम राहिला असता तरी ते येथे दिवसाला ११० मीटरच सरकले असते.

खेळांनी शोधलेल्या वाटा

हा प्रवास खेळण्याजोगा करण्याच्या मुख्य वाटा तीन आहेत : अंतर आक्रसणे, वेग वाढविणे आणि काळ आक्रसणे.

पहिली वाट सर्वांत सोपी, आणि विवेचनास सर्वांत कमी वाव देणारी. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या फ्रीलान्सर या खेळात ग्रह एकमेकांपासून जणू हाकेच्या अंतरावर ठेवलेले आहेत. त्यांना जोडणाऱ्या कड्यांच्या रांगांतून यान वेगाने ढकलले जाते. हे अवकाश नव्हे, महामार्ग आहे. दरोडेखोर मध्येच एखादे कडे बंद पाडून वाटसरूंना अडवितात, हेही त्यास साजेसेच.

दुसऱ्या व तिसऱ्या वाटेची तुलना करण्यासाठी मात्र एक उत्तम उदाहरण उपलब्ध आहे, कारण दोन्ही वाटा एकाच रचनाकाराने वेगवेगळ्या काळी चोखाळल्या. डेव्हिड ब्रॅबेन यांनी इयन बेल यांच्यासह १९८४ मध्ये एलीट हा खेळ बीबीसी मायक्रो या छोट्या संगणकासाठी तयार केला. त्यात एखादे दुसरे यान किंवा ग्रह जवळपास नसेल, तर एक कळ दाबून मोठी उडी घेता येई. १९९३ मध्ये ब्रॅबेन यांनी त्याचा दुसरा भाग, फ्रंटियर, आणला. त्यात ग्रहमाला वास्तव प्रमाणात होती, यान न्यूटनच्या नियमांनी चालत होते, आणि कंटाळवाणा काळ सरावा म्हणून घड्याळ वेगाने पळविण्याची सोय होती. पुढे २०१४ मध्ये आलेल्या एलीट डेंजरस या खेळात मात्र त्यांनी घड्याळ पळविणे सोडून दिले आणि सुपरक्रूझ नावाची प्रवासपद्धती आणली. तीत यानाचा वेग प्रकाशाच्या दोन हजार पटींपर्यंत जातो. आपल्या प्रमाणचित्रात हा वेग सेकंदाला चार किलोमीटर होईल.

सुपरक्रूझचे गणित

सुपरक्रूझ वापरणाऱ्या खेळाडूंमध्ये एक साधा संकेत रूढ आहे : इच्छित स्थळी पोहोचण्यास उरलेला काळ पडद्यावर दिसतो, तो सुमारे सात सेकंदांच्या खाली जाऊ द्यावयाचा नाही. खाली गेला की यान थांबू शकत नाही आणि पुढे निघून जाते. हा संकेत गणिती भाषेत लिहिला तर असा होतो : कोणत्याही क्षणी वेग म्हणजे उरलेले अंतर भागिले सात. अशा गतीत दर सात सेकंदांनी उरलेले अंतर मूळच्या सुमारे ३७ टक्के होते, आणि दर सोळा सेकंदांनी एकदशांश. किरणोत्सारी पदार्थाच्या ऱ्हासाचे समीकरण हेच.

याचा परिणाम विलक्षण आहे. एक हजार प्रकाशसेकंद, म्हणजे दोन खगोलीय एकके, एवढे अंतर कापून लक्ष्यापासून हजार किलोमीटरांवर येण्यास या आदर्श गणिताने ८८ सेकंद लागतात. अंतर दहापट केले, तर १०४ सेकंद. म्हणजे भोरहून भाटघरच्या परिसरात जाणे आणि भोरहून राजगडास जाणे यांत फरक फक्त सोळा सेकंदांचा! प्रत्यक्ष खेळात सुरुवातीला वेग घेण्यास वेळ लागतो व एकूण कालावधी काही मिनिटांवर जातो. परंतु सूत्राचा आकार बदलत नाही. खेळात प्रवासाचा काळ अंतराच्या लघुगणकाच्या प्रमाणात वाढतो.

लघुगणकाची ही सवलत एका ठिकाणी संपते. अल्फा सेंटॉरी या ताराकुलात खेळाच्या रचनाकारांनी एक अवकाशस्थानक मुख्य ताऱ्यापासून ०.२२ प्रकाशवर्षे दूर ठेवले आहे. तेथे वेगाची कमाल मर्यादा आड येते आणि खेळाडूस तासाहून अधिक काळ पडद्यासमोर नुसते बसावे लागते. प्रमाणचित्रात हे अंतर सुमारे १४,००० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या व्यासाहून अधिक. या रटाळ प्रवासाची खेळाडूंमध्ये थट्टा होते. वास्तविक तेवढ्यापुरता का होईना, अवकाशाचा खरा विस्तार त्यांना जाणवलेला असतो.

निसर्गात हिशोब निराळा आहे. इंजिन अल्पकाळ पेटवून एका वर्तुळाकार कक्षेतून दुसरीत जाण्याचा किफायतशीर मार्ग जर्मन अभियंता वाल्टर होहमान याने १९२५ मध्ये मांडला. यान सूर्याभोवती अर्धी लंबवर्तुळाकार फेरी घेते, आणि तिचा काळ केप्लरच्या तिसऱ्या नियमाने ठरतो. पृथ्वीपासून मंगळापर्यंत २५९ दिवस, गुरूपर्यंत पावणेतीन वर्षे, शनीपर्यंत सहा, युरेनसपर्यंत सोळा, नेपच्यूनपर्यंत साडेतीस वर्षे. येथे काळ कक्षेच्या आकाराच्या दीडव्या घाताने वाढतो. लघुगणक आणि दीडवा घात, यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिल्यात दूरचे ग्रह जवळच्यांच्या शेजारी येऊन बसतात. दुसऱ्यात ते माणसाच्या आयुष्यापलीकडे सरकू लागतात.

आणखी एक विपर्यास याहून सूक्ष्म, म्हणून अधिक दिशाभूल करणारा आहे. सुपरक्रूझमध्ये एखाद्या ग्रहाच्या किंवा ताऱ्याच्या जवळून जाताना त्याच्या गुरुत्वाकर्षणाने यान मंदावते; खेळाडू म्हणूनच वळसा घालून, मोकळ्या जागेतून जाणे पसंत करतात. निसर्गात नेमके उलटे घडते. वस्तुमानाजवळ यान वेगाने धावते, दूर गेले की मंदावते. केप्लरचा दुसरा नियम हेच सांगतो. अवकाशयाने तर ग्रहांजवळून मुद्दाम नेली जातात. २० ऑगस्ट १९७७ रोजी निघालेले व्हॉयेजर-२ गुरू, शनी व युरेनस यांच्या गुरुत्वाकर्षणाचा आधार घेत २५ ऑगस्ट १९८९ रोजी, म्हणजे साडेतीस वर्षांऐवजी बारा वर्षांत, नेपच्यूनपाशी पोहोचले. खेळात जो अडथळा, तो प्रत्यक्षात वाहन आहे. शेकडो तास खेळलेल्या विद्यार्थ्याच्या हातांना यातील कोणती सवय लागली असेल, हे सांगावयास नको.

एक बाब गमतीची आहे. सुपरक्रूझचा किमान वेग सेकंदाला ३० किलोमीटर ठेवलेला आहे. पृथ्वीचा सूर्याभोवतीचा वेगही जवळजवळ तितकाच. हा निव्वळ योगायोग असावा. पण खेळाडू ज्यास रखडणे म्हणतो, त्या वेगाने आपण सर्वजण जन्मभर प्रवास करीत असतो.

मंगळयानाचा प्रवास

या पार्श्वभूमीवर भारताच्या मंगळयानाची हकिकत पाहणे उद्बोधक ठरेल. ५ नोव्हेंबर २०१३ रोजी श्रीहरिकोटा येथून ध्रुवीय उपग्रह प्रक्षेपण वाहनाने ते सोडले गेले. यानाचे एकूण वजन १३३७ किलोग्रॅम, त्यांपैकी ८५२ किलोग्रॅम इंधन. हे प्रक्षेपण वाहन यानास थेट मंगळाकडे फेकण्याइतके समर्थ नव्हते. म्हणून यान प्रथम पृथ्वीभोवती लांबट कक्षेत ठेवले गेले, आणि ते पृथ्वीच्या सर्वांत जवळ येई तेव्हा इंजिन थोडा वेळ पेटवून कक्षेचे दूरचे टोक टप्प्याटप्प्याने लांबविले गेले. ११ नोव्हेंबर रोजी हा प्रयत्न अपुरा पडला. एक लाख किलोमीटरांऐवजी टोक ७८ हजारांपर्यंतच गेले, आणि दुसऱ्या दिवशी पूरक ज्वलन करून ती तूट भरून काढावी लागली.

इंजिन पृथ्वीजवळच का पेटवावयाचे? कारण तेथे यानाचा वेग सर्वाधिक असतो, आणि तेवढ्याच इंधनाने तेथे मिळणारी गतिज ऊर्जा सर्वाधिक असते. गुरुत्वाकर्षणाच्या खोल जागी इंजिन पेटविणे फायद्याचे, हा येथील नियम. सुपरक्रूझचा खेळाडू तेथून शक्य तितक्या लवकर निसटू पाहतो.

१ डिसेंबर २०१३ रोजी पहाटेपूर्वी इंजिन सुमारे २२ मिनिटे चालले, वेगात सेकंदाला ६४८ मीटरची भर पडली आणि यान पृथ्वीची कक्षा सोडून गेले. त्यानंतर ते मुख्य इंजिन निद्रिस्त होते. सुमारे तीनशे दिवसांनी, २२ सप्टेंबर २०१४ रोजी, ते चालते की नाही हे पाहण्यासाठी चार सेकंद पेटविले गेले. २४ सप्टेंबर रोजी सकाळी सुमारे २३ मिनिटांच्या ज्वलनाने यानाचा वेग सेकंदाला १०९९ मीटरने कमी करण्यात आला आणि मंगळाने त्यास धरले. दोन्ही मोठ्या ज्वलनांची बेरीज पाऊण तास. दहा महिन्यांच्या प्रवासात उरलेला सर्व काळ यान केवळ पडत होते, सूर्याभोवती.

आणि हे पडणेही वाटेल तेव्हा सुरू करता येत नाही. यान जेथे पोहोचणार तेथे मंगळ त्याच क्षणी असावा लागतो. अशी ग्रहस्थिती सुमारे २६ महिन्यांनी एकदा येते. नोव्हेंबर २०१३ची संधी हुकली असती, तर पुढील संधीसाठी २०१६ उजाडले असते. सुपरक्रूझमध्ये मुहूर्त नसतो. यानाचे नाक लक्ष्याकडे वळविले की झाले.

घड्याळाचा प्रश्न

मग २०१४ मध्ये ब्रॅबेन यांच्या संस्थेने घड्याळ पळविण्याची अधिक प्रामाणिक पद्धत का सोडली? हे अज्ञान नव्हते. फ्रंटियर एकट्याने खेळण्याचा खेळ होता. नवा खेळ हजारो लोक एकाच वेळी, एकाच विश्वात खेळतात. एकाने आपले घड्याळ लाखपट पळविले आणि दुसऱ्याने नाही, तर दोघे पुन्हा भेटणार कसे? विश्व सामायिक झाले की काळही सामायिक होतो, आणि काळास हात लावता येत नाही म्हणून वेगास लावावा लागतो. २००३ मध्ये सुरू झालेल्या ईव्ह ऑनलाइन या बहुखेळाडू खेळातही हेच आढळते. तेथे यानांचा वेग चक्क खगोलीय एकके प्रति सेकंद असा मोजतात. भौतिकशास्त्राचा बळी येथे समाजशास्त्रीय कारणासाठी गेला आहे असे म्हणता येईल, आणि बहुविद्याशाखीय अभ्यासास हा विषय तेथेच खुला होतो.

काळ आक्रसण्याची वाट एकट्याने खेळावयाच्या खेळांत टिकून आहे. मार्टिन श्वायगर यांनी २००० साली प्रसिद्ध केलेला ऑर्बिटर हा विनामूल्य कार्यक्रम खऱ्या सूर्यमालेचे अनुकरण करतो. २०२१ पासून त्याची मूळ आज्ञावलीही खुली आहे. २०११ मध्ये प्रथम उपलब्ध झालेला आणि २०१५ मध्ये पूर्णत्वास गेलेला कर्बल स्पेस प्रोग्रॅम हा अधिक लोकप्रिय. मात्र त्यातील काल्पनिक ग्रहमाला खऱ्याच्या साधारण एकदशांश आकाराची आहे, तेथील पृथ्वीसदृश ग्रहाची त्रिज्या अवघी ६०० किलोमीटर. दोहोंतही घड्याळ लाखपट वेगाने पळविता येते. त्या गतीने मंगळापर्यंतचे २५९ दिवस पावणेचार मिनिटांत सरतात. खेळाडूचा वेळ तितकाच वाचतो. पण यान कसे जाते याविषयी खोटे सांगितले जात नाही. पोहोचण्यापूर्वी घड्याळ आवरावयास विसरला, तर मंगळ मागे पडतो आणि इंधन संपलेले असते.

अशा खेळांत विद्यार्थ्यास जे पहिल्या तासात कळते, ते प्रशिक्षित वैमानिकासही सहज कळले नव्हते. जून १९६५ मध्ये जेमिनी-४ यानाचा वैमानिक जेम्स मॅक्डिव्हिट याने मागे सोडलेल्या अग्निबाणाच्या टप्प्याजवळ जाण्यासाठी त्याच्या दिशेने इंजिन चालविले. अंतर कमी होण्याऐवजी बिघडत गेले आणि अखेर प्रयत्न सोडावा लागला. कक्षेत पुढच्यास गाठावयाचे तर आधी वेग कमी करून खालच्या, जलद फेरीच्या कक्षेत उतरावे लागते. भारताने ३० डिसेंबर २०२४ रोजी सोडलेल्या स्पेडेक्सच्या दोन उपग्रहांची जोडणी १६ जानेवारी २०२५ रोजी यशस्वी झाली. दोघांना एकमेकांपासून दूर नेणे आणि पुन्हा जवळ आणणे हे याच नियमांच्या आधारे टप्प्याटप्प्याने झाले.

अध्यापनातील उपयोग

भोर-वेल्हे परिसरातील महाविद्यालयांसाठी यातील व्यवहार्य भाग कोणता? ऑर्बिटरला महाजालाची गरज फक्त एकदा, उतरवून घेण्यापुरती लागते. पुढे साध्या संगणकावर तो चालतो. पदवीच्या प्रथम वर्षास केप्लरचे नियम शिकविताना मंगळाकडील एक फेरी प्रयोगशाळेच्या एका तासिकेत बसू शकते. सुपरक्रूझचे उदाहरणही टाकाऊ नाही. घातीय ऱ्हास व लघुगणक यांसाठी याहून आकर्षक उदाहरण गणिताच्या शिक्षकास क्वचितच मिळेल. फक्त तो गणिताचा पाठ आहे, खगोलयांत्रिकीचा नव्हे, हे स्पष्ट करावे लागेल.

आणि जेथे संगणकही नाही, तेथे रस्ता आहे. भोरच्या राजवाड्यापासून मोसंबी एक किलोमीटरवर आणि लिंबू दीड किलोमीटरवर ठेवून विद्यार्थ्यांना चालवावे. मंगळयान कक्षेत शिरले त्या दिवशी पृथ्वी व मंगळ यांतील अंतर सुमारे २२ कोटी ४० लाख किलोमीटर होते, म्हणजे या चित्रात दीड किलोमीटर. मोसंबीपासून तेवढे दूर लिंबू ठेवावयाचे, तर दोघे सूर्यापासून वेगवेगळ्या दिशांना मांडावे लागतात, हेही मुलांच्या ध्यानात येईल. मोसंबीपाशी उभ्या असलेल्या विद्यार्थ्याने लिंबापाशी निरोप न्यावा, प्रकाशाच्या चालीने. त्यास साडेबारा मिनिटे लागतील, परतण्यास तितकीच. जाऊन येईपर्यंत २३ मिनिटांचे ज्वलन संपलेले असेल. इंजिन केव्हा पेटवावयाचे आणि केव्हा विझवावयाचे याच्या आज्ञा बंगळुरूहून अनेक दिवस आधीच यानाच्या स्मृतीत का भरून ठेवाव्या लागल्या, हे त्या रस्त्यावर वेगळे सांगावे लागणार नाही.